टॉर्शन लेसच्या उशीवर सगळ्या बॉबिन एकमेकींत अडकल्या आहेत. दोरा न कापता गुंता कसा सोडवावा?

वेलबुट्टी (बेडफर्ड)

नमस्कार. बॉबिन लेस, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या काड्या (बॉबिन) उशीवर टाचण्यांभोवती एकमेकींवरून नेत विणलेली लेस, करणाऱ्या मंडळींकडून मला एका अडचणीबाबत सविस्तर मार्गदर्शन हवे आहे.

माझ्या उशीवर टॉर्शन पद्धतीची एक अरुंद किनार चालू आहे. तिच्यात अठरा जोड्या, म्हणजे छत्तीस बॉबिन आहेत. उशी चपटी आणि गोल आहे, बॉबिन इंग्लंडच्या मध्य भागातल्या पद्धतीच्या, म्हणजे सडपातळ लाकडी आणि तळाशी तारेत ओवलेले मणी असलेल्या आहेत, आणि दोरा लिननचा आहे. किनारीच्या एका बाजूला कापडी टाक्याचे (दाट विणीचे) पंखे, मध्ये अर्ध्या टाक्याचे (विरळ विणीचे) चौकट आकाराचे तुकडे आणि त्यांच्या भोवती साधी जाळी, अशी नक्षी आहे. सुमारे अर्धा मीटर लेस तयार झाली आहे आणि ती भाचीच्या बाळाच्या बारशाच्या झबल्याला लावायची आहे.

घर बदलताना सामान वाहणाऱ्यांनी उशीची पेटी एका कडेवर उभी ठेवली आणि प्रवासभर ती तशीच राहिली. पेटी उघडली तेव्हा सगळ्या बॉबिन उशीच्या एका कडेला घरंगळून एकावर एक चढलेल्या होत्या. काहींचा दोरा उलगडून हातभर लांब झाला आहे, तर काही टाचणीला अगदी चिकटल्या आहेत. एका बॉबिनच्या निळ्या मण्याभोवती शेजारच्या तीन दोऱ्यांचे वेढे बसले आहेत आणि त्याच वेढ्यांतून चौथी बॉबिन आरपार गेलेली दिसते. झालेली लेस मात्र जशीच्या तशी आहे. शेवटच्या ओळीतल्या दोन-तीन टाचण्या कलल्या असल्या तरी अजून कोणतीही टाचणी भोकातून पूर्ण निघालेली नाही.

ओळखीच्या एकीने सगळे दोरे टाचण्यांपाशी कापून नव्या जोड्या लावाव्यात असे सुचवले, परंतु तसे केल्यास त्या ओळीत छत्तीस जोड आडवे येतील आणि झबल्यासारख्या नाजूक कपड्यावर ते लपणार नाहीत. म्हणून विचारते की गुंता टाचण्यांच्या बाजूने सोडवत यावे की बॉबिनच्या बाजूने, लांबलेले दोरे आधी गुंडाळून घ्यावेत की नंतर, आणि सगळ्या बॉबिन मोकळ्या झाल्यावर कोणती कोणत्या जागी होती हे कसे ठरवावे?

मणिमाला (बकिंगहॅमशायर)

वेलबुट्टीताई, कात्री आधी दुसऱ्या खोलीत ठेवून द्या. झालेली लेस शाबूत आहे आणि टाचण्या भोकांत आहेत, तेव्हा आपल्या हातून अजून काहीही गेलेले नाही.

हा गुंता लोकरीच्या गुंडाळीच्या गुंत्यापेक्षा वेगळा असतो, आणि तो कसा वेगळा आहे हे एकदा ध्यानात आले की निम्मी भीती जाते. येथे प्रत्येक दोऱ्याचे एक टोक टाचणीपाशी पक्के धरलेले आहे आणि दुसऱ्या टोकाला एक बॉबिन आहे, जी उचलून कोठेही नेता येते. त्यामुळे दोरे एकमेकांवरून कितीही वेळा गेलेले असले तरी तो केवळ वेढ्यांवर वेढा असतो. खरी गाठ फक्त तेथेच पडते जेथे एखादी बॉबिन दुसऱ्या दोऱ्याच्या सैल फाशातून आरपार गेलेली असते, आणि तीसुद्धा ओढली जाईपर्यंत सुरगाठच असते. ओढले की तिची निरगाठ होते. आपण निळ्या मण्यापाशी जे पाहिले आहे ते अशा प्रकारचे आहे, आणि छत्तीस बॉबिनांच्या ढिगात अशा जागा सहसा दोन-तीनच निघतात.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. जो वेढा सर्वांत शेवटी पडला तो बॉबिनच्या सर्वांत जवळ असतो आणि जो आधी पडला तो टाचणीजवळ. शेवटचा वेढा पहिल्यांदा सोडवायचा असल्यामुळे काम नेहमी बॉबिनकडून टाचणीकडे करावे. टाचणीपाशी बोटे घालून दोरे विलग करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण तेथे दोरे स्वच्छ दिसतात, परंतु तेथे केलेली फट बॉबिनच्या बाजूला तेवढाच घट्ट पीळ देते.

हात लावण्यापूर्वी थोडी तयारी करावी. उशी टेबलावर सपाट ठेवावी आणि काम संपेपर्यंत ती उचलू किंवा तिरपी करू नये. कललेली प्रत्येक टाचणी तिच्या टाक्याजवळ बोटाने हलका दाब देऊन त्याच भोकात सरळ करावी आणि शेवटच्या तीन-चार ओळींतल्या टाचण्या डोक्यापर्यंत आत दाबाव्यात. त्यानंतर टाचण्यांच्या डोक्यांवर जाड, गुळगुळीत कागदाची पट्टी ठेवावी, म्हणजे सैल दोरे टाचण्यांत अडकणार नाहीत. ढिगाखाली गडद निळे किंवा काळे कापड हळूच सरकवावे, कारण फिकट कापडावर लिननचा दोरा दिसेनासा होतो. उजेड वरून न घेता बाजूने घ्यावा, म्हणजे वरच्या दोऱ्याची सावली खालच्या दोऱ्यावर पडते आणि कोण कोणाच्या वर आहे ते चटकन कळते. वीज नसताना येथील लेसकरणी मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल चंबू ठेवून उजेडाचा एकेक झोत एकेका उशीवर पाडत असत आणि एका मेणबत्तीभोवती अनेक जणी बसून काम करीत. उजेड किती यापेक्षा तो कोठून येतो याला या कामात फार महत्त्व आहे, हे त्या बायांना पक्के ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष सोडवण्याकडे येते. ढिगातली सर्वांत वरची बॉबिन शोधावी, म्हणजे अशी की जिच्या लाकडावरून आणि जिच्या दोऱ्यावरून दुसरा कोणताही दोरा गेलेला नाही. दोऱ्याला न धरता तिला कमरेपाशी दोन बोटांत धरून सरळ वर उचलावे, तिचा दोरा टाचणीपर्यंत नजरेने तपासावा आणि ती बाजूला, आपल्या अंदाजाने तिच्या जागेच्या दिशेला ठेवावी. दोऱ्यावरून काही गेलेले दिसल्यास ती परत ठेवावी आणि जिचा दोरा वरून गेला आहे तिला आधी उचलावे. कधी कधी पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी पुन्हा पहिलीवर अशी साखळी सापडते आणि सर्वांत वर कोणीच नसते. तेव्हा त्या तिघींना हातात घेऊन बॉबिनच्या अगदी जवळचा वेढा कोणता ते पाहावे आणि वेणी उलगडावी तसा तेवढाच एक वेढा उलगडावा. एक उलगडला की साखळी तुटते.

मण्यांत अडकलेल्या दोऱ्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. दोरा बहुधा मणी आणि तार यांच्या मधल्या फटीत किंवा तार जेथे लाकडाच्या भोकातून जाते तेथे शिरतो. तो टाचणीच्या टोकाने काढू नये, कारण टोक दोऱ्याच्या पदरांत घुसते आणि लिननचे तंतू विस्कटतात. बारीक क्रोशाच्या सुईचा मागचा बोथट भाग किंवा टाचणीचे डोके वापरावे, आणि दोऱ्याला ओढण्याऐवजी बॉबिन त्याच्याकडे किंचित सरकवावी. आरपार गेलेली बॉबिन ज्या बाजूने फाशात शिरली त्याच बाजूने परत काढावी. मणी मोठे असल्यामुळे ती उलट वाटेने निघत नसेल, तर फास ज्या दोऱ्याचा आहे त्या दोऱ्याच्या बॉबिनवरून आणखी थोडा दोरा सोडून फास मोठा करावा.

यावरूनच माझा आग्रह असा आहे की गुंत्यात असताना कोणताही दोरा गुंडाळून आखूड करू नये. दोरा आखूड झाला की फास लहान होतात आणि बॉबिन परत जाण्याची वाट बंद होते. बॉबिन पूर्ण मोकळी झाली की मात्र लगेच तिचा दोरा गुंडाळावा, टाचणीपासून सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवावे, दोरा आपोआप उलगडू नये म्हणून मानेवर घालतात ती अडकवणीची गाठ नीट बसवावी आणि दोन्ही बाजूंना एकेक टाचणी खोचून ती जागेवर थांबवावी. मोकळी केलेली बॉबिन तशीच सोडली, तर ती पुन्हा ढिगात घरंगळते.

जाळीदार (एक्सिटर)

मणिमालाताईंनी सोडवण्याची रीत सांगितली आहेच, म्हणून मी केवळ तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझ्या अनुभवात गुंता सुटल्यानंतर चुकीच्या क्रमाने लावलेल्या बॉबिन गुंत्यापेक्षाही अधिक नुकसान करतात. ते नुकसान दोन बोटे लेस पुढे गेल्यावर दिसते.

क्रम ठरवताना बॉबिनकडे न पाहता लेसकडे पाहावे. एक बॉबिन किंचित उचलून दोऱ्याला अगदी हलका ताण द्यावा आणि शेवटच्या टाचण्यांजवळ कोणता टाका हलतो ते भिंगातून पाहावे. जेथे हालचाल दिसते तेथून तो दोरा निघतो. सुरुवात दोन्ही कडांपासून करावी. सरळ कडेची जोडी कधीच लपत नाही. पंख्याच्या बाजूला कापडी टाक्यातल्या उभ्या जोड्या आपापल्या क्रमानेच लोंबत असतात आणि आडवी फिरणारी कामकरी जोडी तेवढी शेवटच्या टाचणीभोवती वळून बाजूला निघते, त्यामुळे ती वेगळी ओळखू येते. कडा लागल्या की मधल्या जोड्या ठरवणे सोपे जाते.

येथे आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कापडी टाक्यात क्रॉस (चारांपैकी मधल्या दोन दोऱ्यांची अदलाबदल), पीळ (प्रत्येक जोडीतल्या दोन दोऱ्यांची अदलाबदल) आणि पुन्हा क्रॉस झाल्यावर दोन जोड्या एकमेकींतून पार जातात, परंतु जोडीतले दोन दोरे एकमेकांना सोडत नाहीत. टॉर्शनच्या साध्या जाळीतही टाचणीच्या आधी एकदा क्रॉस व पीळ आणि टाचणीनंतर पुन्हा क्रॉस व पीळ झाला की दोन्ही जोड्या अखंड राहून केवळ बाजू बदलतात. म्हणून आपण सुरुवातीला प्रत्येक जोडीला सारख्या रंगाचे मणी लावले असतील, तर पंख्यात आणि पूर्ण झालेल्या जाळीत ते सारखे मणी आजही शेजारी शेजारीच असायला हवेत. तसे नसेल तर कोठेतरी एखादी टाचणी अर्धवट, म्हणजे दुसरा क्रॉस व पीळ न करता सोडलेली आहे असे समजावे. इंग्लंडमधल्या बॉबिनांवर इतके वेगवेगळे मणी आणि हाडाच्या जुन्या बॉबिनांवर कोरलेली नावे असतात, त्यांचा शोभेपलीकडे हा फार मोठा उपयोग आहे. माझ्याकडे डेव्हनमध्ये हॉनिटन लेससाठी वापरतात त्या बॉबिन बिनमण्यांच्या, टोकदार आणि दिसायला एकसारख्या असतात, कारण त्या लेसमध्ये बॉबिन लहानशा फासातून ओवून न्यावी लागते. तेथे असा गुंता झाल्यास ओळखीची कोणतीही खूण हाताशी नसते.

अर्ध्या टाक्याच्या चौकटीत मात्र मण्यांवर विसंबता येत नाही. तेथे प्रत्येक टाका केवळ क्रॉस आणि पीळ एवढाच असल्यामुळे प्रत्येक टाक्यानंतर जोडीदार बदलतो. एका ओळीत एकच दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा धावतो आणि बाकीचे सगळे तिरपे उतरतात. आधी तो आडवा दोरा शोधावा. तो सापडला की ओळ कोठवर आली आहे ते कळते आणि उरलेल्या दोऱ्यांच्या जोड्या डावीकडून उजवीकडे मोजून लावता येतात.

शंका असेल तेथे अंदाजाने पुढे जाऊ नये. ज्या टाचणीबद्दल आपली पूर्ण खात्री आहे तेथपर्यंत टाके उसवत मागे यावे. उसवणे म्हणजे विणण्याच्या हालचाली उलट्या क्रमाने आणि उलट्या दिशेने करणे. विणताना क्रॉसमध्ये चार दोऱ्यांपैकी मधला डावा दोरा मधल्या उजव्यावरून जातो, म्हणून उसवताना मधला उजवा दोरा डाव्यावरून परत न्यावा. विणताना पिळात प्रत्येक जोडीतला उजवा दोरा डाव्यावरून जातो, म्हणून उसवताना डावा दोरा उजव्यावरून न्यावा. अर्धा टाका उसवताना आधी पीळ आणि मग क्रॉस सोडवावा. टाचणीच्या नंतरचा टाका उसवून झाल्यावरच टाचणी काढावी आणि त्यानंतर तिच्या आधीचा टाका उसवावा. आधी टाचणी काढून दोरे ओढल्यास टाका घट्ट होऊन त्यातला क्रॉस दिसेनासा होतो, आणि मग नक्की काय सोडवायचे आहे तेच कळत नाही.

अर्ध्या टाक्याची एखादी चौकट पूर्ण उसवावी लागली तरी मनाला लावून घेऊ नये. तशी चौकट पुन्हा विणायला लागणारा वेळ थोडा आहे आणि चुकीचा पीळ मात्र त्या झबल्यावर कायमचा राहील.

वेलबुट्टी (बेडफर्ड)

मणिमालाताई आणि जाळीदारताई, आपल्या दोघींची मी अत्यंत ऋणी आहे. सांगितल्याप्रमाणे बॉबिनच्या बाजूने आणि बाजूच्या उजेडात काम केले आणि निळ्या मण्यापाशी गुंतलेल्या चार सोडून सगळ्या बॉबिन आता मोकळ्या आहेत. पंखा आणि सरळ कड यांचा क्रम निर्विवाद लागला. मणी सारख्या रंगांच्या जोड्यांत असल्यामुळे जाळीतल्या जोड्याही जुळल्या. केवळ एका ठिकाणी वेगळे मणी शेजारी आले आणि तेथे खरोखरच टाचणीनंतरचा टाका राहिलेला निघाला.

दोन शंका उरल्या आहेत. त्या चारांपैकी एका दोऱ्याला टाचणीपासून तीन बोटांवर घासल्याचा भाग आहे. तेथे एक पदर तुटला आहे आणि दुसऱ्या पदरावर दोरा जेमतेम टिकून आहे. तो दोरा अर्ध्या टाक्याच्या चौकटीतला आहे. शिवाय मोकळ्या केलेल्या दोऱ्यांपैकी काही हातातून सुटताच स्वतःभोवती वळून आखूड वेटोळी करतात आणि शेजारच्या दोऱ्याला पुन्हा पकडतात. त्यांचे काय करावे?

लोडावरची लेस (ल्युब्लियाना)

घासलेल्या दोऱ्याबद्दल आधी लिहितो. तो तुटण्याची वाट पाहू नये आणि तेथे गाठही मारू नये, कारण अर्ध्या टाक्याच्या विरळ विणीत गाठ उठून दिसते. जाळीदारताईंनी म्हटल्याप्रमाणे ती चौकट उसवावी, आणि कमकुवत भाग अजून विणीच्या बाहेर व बॉबिनच्या बाजूला असतानाच नवा दोरा आत घ्यावा. नव्या बॉबिनच्या दोऱ्याचे टोक कामाच्या मागे, झालेल्या लेसच्या बाजूला, एका वेगळ्या टाचणीला बांधून ठेवावे, दोरा जुन्या दोऱ्याला चिकटवून खाली आणावा आणि दोन्ही बॉबिन एकच समजून काही टाके एकत्र विणावेत. दोघांची पकड पुरेशी झाली की जुनी बॉबिन मागे टाकावी आणि लेस उशीवरून काढण्याच्या वेळी दोन्ही टोके कापावीत. शक्य असल्यास हे काम जोडी कापडी टाक्यातून जात असताना करावे, कारण दुहेरी दोरा दाट विणीत लपतो. आपल्या नक्षीत ती जोडी चौकटीत शिरण्यापूर्वी पंख्यातून येत असेल, तर आणखी थोडे मागे उसवण्याचे कष्ट सार्थकी लागतील.

एका मुद्द्यावर माझे मणिमालाताईंपेक्षा वेगळे मत आहे. गुंत्यात दोरा कधीही आखूड करू नये हे मणी असलेल्या बॉबिनांबाबत पूर्णपणे खरे आहे, परंतु बिनमण्यांच्या गुळगुळीत बॉबिन असतील, तर ढिगाच्या बाहेरच्या आणि निर्विवाद मोकळ्या दिसणाऱ्या दोऱ्यांची हातभर लांबी आधी कमी करून घेतल्याने पुढचे काम फार सुकर होते. अशी बॉबिन लहान फासातूनही अलगद निसटते, त्यामुळे वाट बंद होण्याचा धोका तेवढा नसतो.

मी येथे इद्रियाच्या पद्धतीची लेस शिकतो. इद्रिया हे स्लोव्हेनियातले, पाऱ्याच्या आता बंद झालेल्या खाणीचे गाव. तेथील लेसशाळा १८७६ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे, आणि स्लोव्हेनियातल्या बॉबिन लेसचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. तेथील उशी आपल्या बैठकीच्या लोडासारखी लांबट गोल असते, नक्षी बहुतेक वेळा मोजक्या जोड्यांतल्या नागमोडी पट्टीची असते आणि बॉबिन लोडाच्या गोलाईवरून खाली लोंबतात. स्वतःच्या वजनाने दोरा ताणलेला राहत असल्यामुळे काम चालू असताना गुंता क्वचितच होतो. लोड उचलून नेताना मात्र त्या लोंबत्या बॉबिन एकमेकींभोवती फिरतात, म्हणून हलवण्यापूर्वी त्यांना आवर घालणे येथेही पहिला नियम आहे.

आपल्या बॉबिनांना मण्यांच्या कड्या आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी विणकामात टाके राखून ठेवण्याची मोठ्या सेफ्टी पिनेसारखी जी पिन मिळते तीच उत्तम. बॉबिन क्रमाने लावून सहा-सहा किंवा आठ-आठ जणींच्या कड्या एका पिनेत ओवाव्यात आणि पिन बंद करून उशीला टाचावी. बिनमण्यांच्या बॉबिनांसाठी कापडी पट्टीवर इलॅस्टिक शिवून त्याचे कप्पे करतात आणि प्रत्येक कप्प्यात एक जोडी खोचतात. त्यानंतर दोरे आखूड करावेत, बॉबिनांवर कापड घालून त्याच्या कडा चारी बाजूंनी उशीला टाचाव्यात, आणि घर बदलण्याइतका लांबचा प्रवास असेल तर पेटीवर वरची बाजू कोणती हे मोठ्या अक्षरांत लिहूनही उशीवरचे कापड असे घट्ट बांधावे की पेटी उलटी झाली तरी बॉबिन हलू नयेत. बेल्जियमच्या काही बारीक लेसांत काही शे बॉबिन एकाच उशीवर असतात आणि तेथे हात चालत असलेल्या थोड्या बॉबिन सोडून बाकीच्यांचे क्रमवार गठ्ठे करून बाजूला टाचून ठेवतात. हीच सवय छत्तीस बॉबिनांनाही लावल्यास एखादी दुर्घटना झाली तरी ती एका गठ्ठ्यापुरती राहते.

सूतकताई (वर्धा)

मी लेस करत नाही. पेटीचरख्यावर सूत कातते. तरीही वेटोळी घालणाऱ्या दोऱ्यांबद्दल अधिकाराने लिहू शकते, कारण हा प्रश्न सर्वस्वी पिळाचा आहे.

आपला दोरा बहुधा एकापेक्षा अधिक पदरांचा असेल. प्रत्येक पदर एका दिशेने कातलेला असतो आणि पदर एकत्र करताना त्यांना उलट दिशेने पीळ दिला जातो, म्हणून तयार दोरा तोल सांभाळून शांत राहतो. दोऱ्याच्या टोकाला लटकलेली बॉबिन स्वतःच्या लांबीभोवती एकदा फिरली की त्या दोऱ्यात एक पीळ वाढतो किंवा कमी होतो. पीळ वाढला की सैल सुटताच दोरा स्वतःवर दुमडून वेटोळे करतो, आणि पीळ कमी झाला की पदर विलग होऊन दोरा पोकळ व कमकुवत होतो. ढिगात घरंगळताना आपल्या बॉबिन कोणत्या दिशेला किती फिरल्या असतील याला काही मोजमाप नाही, त्यामुळे काही दोरे वळत असतील तर काही नेमके उलट, न वळणारे पण उसवलेले असतील. हे दुसऱ्या प्रकारचे दोरे त्रास देत नाहीत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि तेच पुढे तुटतात. आपला घासलेला दोराही तसाच तर झाला नाही ना, हे भिंगातून पाहावे.

उपाय सोपा आहे. मानेवरची गाठ पक्की करून वळणारी बॉबिन एकेकटी उशीच्या कडेवरून खाली मोकळी लटकू द्यावी आणि ती फिरून आपोआप थांबेपर्यंत हात लावू नये. जादा पीळ निघून जातो. त्या वेळी शेजारच्या बॉबिन पिनेत धरलेल्या असाव्यात, नाहीतर फिरणारी बॉबिन त्यांनाच गुंडाळून घेईल. उसवलेल्या दोऱ्याची बॉबिन बोटांत धरून पदर पुन्हा घट्ट दिसेपर्यंत पिळाच्या दिशेने फिरवावी. पिळाची दिशा कळत नसेल, तर दोऱ्याच्या उरलेल्या रिळावरून वीतभर तुकडा घेऊन एका टोकाला उजवीकडे फिरवून पाहावे. पदर उघडले तर दिशा डावी, घट्ट झाले तर उजवी.

पुढच्या वेळी बॉबिन भरताना रीळ आडव्या काडीवर फिरू द्यावे. रीळ उभे ठेवून त्याच्या टोकावरून दोरा ओढला की प्रत्येक वेढ्यागणिक एक पीळ कमी-जास्त होतो, आणि बॉबिन भरेपर्यंत त्या दोऱ्याचा तोल आधीच गेलेला असतो.

मणिमाला (बकिंगहॅमशायर)

बिनमण्यांच्या बॉबिनांबाबत ल्युब्लियानाच्या दादांचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या उशीवर तशा बॉबिन नसतात, म्हणून मी केवळ मण्यांचा विचार केला होता. वेलबुट्टीताई, आपल्या त्या उरलेल्या चार बॉबिनांना मात्र हे लागू करू नका. त्यांतल्या घासलेल्या दोऱ्याची बॉबिन सर्वांत शेवटी हलवा, आणि फास मोठा करण्यासाठी दोरा सोडायचा झाल्यास तो बाकीच्या तिघींवरून सोडा. निळ्या मण्याचे वेढे तरीही सुटत नसतील, तर दोऱ्याला हात न लावता मण्यांची तारच चिमट्याने उघडून मणी काढून घ्यावेत. वेढे आपोआप सैल पडतील, आणि तार व मणी नंतर केव्हाही पुन्हा लावता येतात.